हाकेला ओ

एव्हरशाईन सिटीपासून गास काही फार लांब नाही. मध्ये रेल्वेचे रूळ लागतात, नालासोपाऱ्याची गर्दी लागते, आणि मग घरं विरळ होत होत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतं सुरू होतात. एवढ्याशा अंतरासाठी कुणी घर पाठीवर घेऊन निघत नाही. मंदा निघाली होती. मे महिन्यातल्या एका सकाळी तिने फ्लॅटला कुलूप लावलं, छोटा सिलिंडर, तांदूळ, चहा-साखर, दोन पातेली आणि थोडे कपडे गाडीत चढवले, आणि गाडी सोसायटीच्या फाटकाबाहेर काढली.

गाडी म्हणजे जुनी टेम्पो ट्रॅव्हलर. मंदाच्या नवऱ्याचं, शरदचंद्रांचं, आयुष्य बसच्या बॉडी बांधण्याच्या कारखान्यात गेलेलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही गाडी विकत घेतली, आतल्या सगळ्या सीटा उपटून टाकल्या आणि स्वतःच्या हाताने तिचं घर केलं. समोरासमोर दोन अरुंद बर्थ, मधे उभं राहण्यापुरती जागा, एक शेगडी, एक बेसिन, खाली पाण्याची टाकी, छताला पंखा. पडदे मंदाने शिवले. समुद्राच्या कडेकडेने खाली जायचं, जिथे आवडेल तिथे गाडी लावायची, हवं तितकं राहायचं, असा त्यांचा बेत होता. गाडी पुरी झाली, पावसाळा सरला, आणि एके सकाळी चहाचा कप हातात असतानाच शरदचंद्र बसल्या जागी गेले. येतो म्हणाले नाहीत, काही नाही. गाडीत ते एक रात्रही झोपले नव्हते.

पुण्याला असलेली मुलगी, कृतिका, गाडी विकून टाक म्हणून मागे लागली होती. मंदाने तिच्याकडे एक महिना मागून घेतला. एकटीने राहता आलं तर गाडी ठेवायची, नाही तर विकायची. घराजवळच राहून बघावं, आणि रिकामं बसू नये म्हणून काही काम धरावं, असं तिच्या मनात होतं. बँकेत नोकरीला असताना ओळखीचा झालेला गासचा कॉन्रॅड जांभळाच्या हंगामाला माणसं शोधत होता. मंदाने त्याला फोन केला.

कॉन्रॅडची वायनरी काही मोठं प्रकरण नव्हतं. नाताळसाठी घरात फळांची वाईन करायची पद्धत त्यांच्याकडे पहिल्यापासूनच होती. त्याने रीतसर परवाना काढून तिचा धंदा केला होता. घरामागे पत्र्याची लांब शेड, शेडमध्ये स्टीलच्या टाक्या आणि निळे ड्रम. जांभळं पहाटेच उत्तरेकडून टेम्पोने यायची. गावातल्या बायकांबरोबर बसून मंदा ती निवडायची, धुवायची, मशीनला लावायची. दोन दिवसांत तिचे हात कोपरापर्यंत जांभळे झाले. टाकीत रस आंबायला लागला की सालींचा जाड थर वर येतो. तो लाकडी दांड्याने सकाळ-संध्याकाळ खाली दाबावा लागतो. कॉन्रॅडची बायको ज्युली हिने पहिल्याच दिवशी तिला बजावलं, की दाबताना टाकीवर वाकायचं नाही. त्यातून सुटणारा वायू जड असतो, माणूस आत कोसळतो तरी त्याला कळत नाही.

माणसं चांगली होती. घरात ती आपापसांत त्यांच्या बोलीत बोलत, ते मंदाला अर्धंमुर्धं कळे. तिच्याशी बोलताना मात्र सरळ मराठी, आणि तोंडात सतत ताई, ताई.

पहिले काही दिवस गाडी कॉन्रॅडच्या फाटकाजवळ होती. पण पहाटे टेम्पो आले की झोपमोड होई, आणि दुपारी भिंतीच्या आडोशाला वारा म्हणून लागत नसे. शेडच्या मागे वाडीत एक सपाट तुकडा मंदाने हेरून ठेवला होता. आजूबाजूला नारळ, केळी, चिकू दाटीने उभे, तेवढा तुकडा मात्र उघडा. तिथे समुद्राकडचा वारा सरळ येत होता. एका सकाळी तिने गाडी तिथे नेऊन लावली.

ज्युलीने बघितलं आणि ती हातातलं काम टाकून आली. तिकडे ओल असते, पुढेच लावा, म्हणाली. मेच्या उन्हात जमिनीला भेगा पडल्या होत्या, मंदाला हसू आलं. कॉन्रॅड म्हणाला, तिथे त्यांचं बावखल होतं, वाडीला पाणी देणारं गोड्या पाण्याचं जुनं तळं. टेम्पो वळवायला जागा हवी म्हणून दोन वर्षांपूर्वी भरणी टाकून बुजवलं. आता जमीन घट्ट बसली आहे, खुशाल लावा. ज्युली त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग शेडमध्ये परत गेली.

काम पहाटेपासून दुपारच्या जेवणापर्यंत, आणि पुन्हा उन्हं उतरल्यावर. मधला वेळ झोपेचा. त्या वेळी गास गावच झोपलेलं असतं. रस्त्यावर माणूस नाही, झाडावर पाखरू नाही. शेडमधल्या टाक्यांच्या नळ्यांतून हवा सुटे, तिचा तेवढा आवाज. बुड्… बुड्… कुणीतरी पाण्याखाली श्वास धरून बसावं आणि थोडा थोडा सोडावा, तसा.

गाडीचं एक असतं. कुणी चढलं की ती सांगते. पायरीवर पाय पडला की डावीकडे कलते, माणूस आत आला की सावरते, आणि तो जिकडे बसेल तिकडे किंचित दबते. शरदचंद्र अंगाने भरलेले होते. गाडी बांधताना ते सारखे चढ-उतार करायचे आणि मंदा आत पडदे शिवत बसलेली असायची. वर न बघता तिला कळायचं, हे आले. तो हेलकावा तिच्या अंगात मुरलेला होता.

जागा बदलल्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या दुपारी मंदा आपल्या बर्थवर डोळे मिटून पडली होती. दार आतून लावलेलं होतं. पंखा फिरत होता. आणि गाडी डावीकडे कलली.

कलली, सावरली. चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे कुरकुरले. मग समोरच्या रिकाम्या बर्थच्या रेक्झिनने कर्र केलं, सावकाश, जड माणूस टेकताना करतं तसं.

मंदाने डोळे उघडले नाहीत. उघडले तर जाईल, असं तिला वाटलं. भीती वाटायला हवी होती, हे तिला फार नंतर सुचलं.

"अहो," ती हलकेच म्हणाली. "आलात?"

समोरचा बर्थ पुन्हा कुरकुरला.

त्या दुपारी ती जशी झोपली तशी कितीतरी महिन्यांत झोपली नव्हती. जागी झाली तेव्हा गाडीत कुणी नव्हतं. समोरच्या बर्थवरच्या, आजवर न मोडलेल्या चादरीला मात्र मधोमध खळगा पडला होता.

मग ते रोजचंच झालं. जेवण आटोपून ती गाडीत यायची, दार लावायची, पडदे ओढायची. थोड्या वेळाने गाडी कलायची. "आलात? बसा ना," ती म्हणायची, आणि बोलत राहायची. कृतिकाच्या नोकरीचं, सोसायटीतल्या भांडणांचं, जांभळाच्या भावाचं. उत्तर म्हणून रेक्झिनचा तो आवाज. शरदचंद्रही तिच्या बोलण्यावर हुं म्हणण्यापलीकडे फारसं कधी बोलत नसत, त्यामुळे तिला काही चुकल्यासारखं वाटलं नाही. एकदा तिने चहा दोन कपांत गाळला आणि एक कप समोरच्या बर्थच्या कडेला ठेवला. ऊन उतरल्यावर उचलायला गेली तर अर्धा भरलेला कप काठोकाठ भरला होता. चहा पार फिक्का, पाण्यासारखा झालेला. तिने तो बाहेर ओतला आणि टाकीच्या नळाचं पाणी ठिबकलं असेल अशी स्वतःची समजूत घातली. नळ दुसऱ्या टोकाला होता.

चादर ओली होऊ लागली. तिला चिखलाचा वास यायचा, तळाशी कुजलेल्या पानांचा. यांना घाम फार यायचा, असं मनाशी म्हणत मंदा ती रोज धुवायची आणि दोन झाडांमध्ये दोरी बांधून वाळत घालायची. हे तिने कुणाला सांगितलं नाही. एका संध्याकाळी फोनवर कृतिका म्हणाली, "आई, किती दिवसांनी तुझा आवाज असा येतोय गं. छान वाटतंय का तिकडे?" मंदा छान म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं.

आणखी एक गोष्ट झाली. पायरी चढताना तिचा उजवा गुडघा दुखायचा, तो दुखेनासा झाला. कामाने अंग मोकळं झालं, असं ती धरून चालली. पायरी जमिनीच्या किती जवळ आली होती, तिकडे तिचं लक्ष गेलं नाही.

बाकी मात्र ती सुकत चालली होती. डोळे खोल गेले होते. संध्याकाळच्या कामाला ती उशिरा यायची, कधी यायचीच नाही. एकदा टाकीतला थर दाबता दाबता दांडा हातातून सुटला आणि ती तशीच उभी राहिली, गाडीकडे तोंड करून. ज्युलीने ते बघितलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ज्युली ताटलीत ताडगोळे घेऊन गाडीकडे आली. मंदाने दार उघडलं. ज्युलीने दांडी धरून पायरीवर पाय ठेवला, अंगाचा भार टाकला, आणि तिथेच थबकली. तिची नजर समोरच्या बर्थच्या कडेला ठेवलेल्या कपावर गेली, मग ओल्या चादरीवर. तिने पाय मागे घेतला.

"आत कोण आहे, ताई?"

मंदा म्हणाली, कोण असणार, मी एकटी.

"मग गाडी हलली कशी नाही?" ज्युलीचा आवाज अगदी खाली गेला होता. "मी काही हलकी नाही. मी एवढा भार टाकला… ती जराही दबली नाही. दबायला तिच्यात जागाच नाही अशी उभी आहे."

मंदाने खाली पाहिलं. चाकांवरची कमान टायरला टेकली होती. टायर अर्धे जमिनीत गेले होते, भेगा पडलेल्या, खडखडीत जमिनीत. एखाद्या लग्नाचं वऱ्हाड कोंबून भरल्यासारखी गाडी बसली होती.

ज्युलीने तिचा हात धरला आणि तिला स्वयंपाकघराच्या मागच्या ओट्यावर नेऊन बसवलं. पाणी दिलं. कॉन्रॅडही आला. मंदाने सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता तिला रडू आलं. आपले वाटणारे शब्द दुसऱ्यासमोर काढले की कसे परके वाटतात, तसं तिला वाटत होतं. कॉन्रॅड म्हणाला, शेडमधला वायू असेल, खालून खालून त्या तुकड्यावर साचत असेल. त्याने डोकं जड होतं, माणसाला भास होतात. गाडी काय, भरणी असेल पोकळ, खचली असेल. तो हे बोलत होता, पण त्याची नजर ज्युलीकडे होती.

ज्युलीने मंदाच्या हातातला पेला घेऊन बाजूला ठेवला.

"ताई, तुम्ही त्यांना हाक काय मारायचात?"

मंदा म्हणाली, जशी सगळ्या बायका मारतात तशीच. अहो.

"नाव नाही घेतलंत?"

"आमच्यात नाव घेत नाहीत."

"मग जे आलं ते तुमचंच माणूस, हे कशावरून?"

ज्युलीने मग आपल्या सासूची गोष्ट सांगितली. ज्युली लग्न होऊन या घरात आली तेव्हा बावखल भरलेलं होतं, कमळं होती, उन्हाळ्यातही पाणी आटत नसे. सासूने तिला घरातली कामं शिकवली तशी हीही एक गोष्ट शिकवली. दुपारच्या वेळी बावखलावर गेलेल्या माणसाला नुसती हाक मारायची नाही. पूर्ण नाव घेऊन मारायची. नाव घेता येत नसेल तर चालत जायचं आणि हात लावून आणायचं. का, ते सासूने सांगितलं नाही. ज्युलीने एकदा खोदून विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, की नाव नसलेली हाक ज्याला हवी त्याची होते.

"पाणी गेलं म्हणून मी धरून चालले, तेही गेलं असेल," ज्युली म्हणाली.

कॉन्रॅड उठला. टेम्पो आणि दोर घेऊन येतो म्हणाला. गाडी आत्ताच बाहेर काढायची. किल्ली गाडीत होती, फोनही. कॉन्रॅड म्हणाला, मी जातो आणायला. मंदाने मान हलवली. तिला स्वतःला जायचं होतं. किल्ली हे झालं निमित्त. समजा, ते खरंच शरदचंद्र असतील तर? तर त्यांना असं दोर लावून ओढत न्यायचं, दार उघडं टाकून पळायचं? हा विचार तिला सोसवेना. आणि ते नसतील, तर इतक्या दुपारी आपण कुणाशी बोललो, हेही तिला कळायला हवं होतं.

ज्युली शेवटच्या चिकूपर्यंत तिच्याबरोबर आली आणि तिथे उभी राहिली. मंदा गाडीत शिरली. पायरी आता जमिनीशीच होती, चढावं लागलंच नाही. पडदे ओढलेले, आत हिरवट काळोख. पंखा चालू असूनही हवा हलत नव्हती. तो वास होताच, पण आता चादरीपुरता राहिला नव्हता. घशाशी आल्यासारखा होता. दोन बर्थच्या मधल्या जागेत ती उभी राहिली. समोरचा खळगा तिच्या डोळ्यांसमोर खोल पडलेला होता.

तिने ओठ ओले केले. एवढ्या वर्षांच्या संसारात जे नाव तिने लग्नातल्या उखाण्याखेरीज उच्चारलं नव्हतं, ते उच्चारलं.

"शरदचंद्र…"

काही नाही. शेडमधून बुड् असा आवाज आला, तेवढाच.

तिने पुन्हा घेतलं. त्यांच्या वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, फॉर्मवर लिहावं तसं पूर्ण. बर्थ कुरकुरला नाही. खळग्यात जे काही बसलं होतं त्याला त्या नावाचं काही देणंघेणं नव्हतं. रस्त्यावरून दुसऱ्याच कुणाला हाक मारत माणूस गेला तर आपण जसे बसून राहतो, तसं ते बसून राहिलं.

मंदा कशाला तरी धरायला गेली, आणि घाबरल्यावर जे सवयीने तोंडात येतं तेच आलं.

"अहो…"

समोरचा बर्थ कुरकुरला. आणि तिचा स्वतःचा बर्थ कुरकुरला, उशीजवळ. मागे ड्रायव्हरची सीट कुरकुरली. बेसिनखालची फळी. दाराजवळची पायरी. छताचा पत्रा, वरून, जिथे माणूस बसूच शकत नाही तिथून. सगळीकडून एकदम. तिच्या हाकेला सगळ्यांनी ओ दिली होती.

आणि तेव्हा कुठे मंदाला कळलं, ती इतके दिवस काय म्हणत आली होती. आलात. बसा ना. चहा घ्या. आपल्या भाषेत एका माणसाला मान देऊन बोलावं तर ते दहांना बोलावल्यासारखंच ऐकू येतं. तिने एकाला बोलावलं होतं. ऐकणाऱ्यांनी सगळ्यांनी ऐकलं होतं, आणि ते येत गेले होते, रोज एक, रोज आणखी एक, आणि तिने आग्रह केला म्हणून बसले होते.

तिला ओरडता आलं नाही. किल्ली बेसिनशेजारी होती, हात पुढे करायला जागा होती, पण हाताला काहीतरी गार, ओलं लागत होतं, गर्दीत लागावं तसं. इथून कुणाला उठवायचं तर कसं उठवायचं? आपल्याकडे निघालेल्या पाहुण्यालाही कुणी जा म्हणत नाही. या म्हणतात. तो 'या' तिच्या जिभेवर आला होता. तिने तो गिळला.

"तुम्ही जा," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "सगळे जा… इथे तुमचं कुणी नाही. मी तुम्हाला बोलावलं नव्हतं… जा."

बराच वेळ काहीच झालं नाही. मग पायरीशी गाडी कलली आणि किंचित वर उचलली गेली. पुन्हा कलली, पुन्हा उचलली गेली. एकेक करून. पाटे मोकळे होत होत कण्हत होते. तिचा बर्थ हलका झाला, ड्रायव्हरची सीट हलकी झाली. अंगाला चाटून काहीतरी जात होतं, आणि दरवेळी तिच्या ड्रेसची ओढणी ओली होत होती.

शेवटी गाडी थांबली. समोरच्या बर्थवरचा खळगा तसाच होता.

एकच उरलं होतं. सगळ्यांत आधी आलेलं ते. मंदा त्या खळग्याकडे बघत राहिली. नावाला त्याने ओ दिली नव्हती, हे खरं. पण मेलेल्या माणसाला आपलं नाव आठवत असेलच असं थोडंच आहे? ती तिथे किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. ज्युली लांबून ताई, ताई म्हणत होती, आणि मग घाबरून "मंदा! मंदा दळवी!" अशी पूर्ण नावाने हाक मारू लागली.

"तुम्हीसुद्धा," मंदा म्हणाली. "जा आता."

रेक्झिन कुरकुरलं, सावकाश. चादर सपाट झाली. पायरीशी गाडी कलली, आणि सावरली.

कॉन्रॅडने दोर बांधला, टेम्पोने ओढलं, मंदाने गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली, आणि ती एका हिसक्यात बाहेर आली. जिथे चाकं रुतली होती तिथे चार खड्डे पडले होते. त्या कोरड्या ठणठणीत जमिनीत, बघता बघता, ते चारही काठोकाठ भरले. पाणी गढूळ नव्हतं. त्यात आभाळ दिसत होतं. कॉन्रॅड दोर गुंडाळायचा थांबला आणि टोपी काढून हातात घेऊन उभा राहिला. नंतर त्याने त्या तुकड्याभोवती तारेचं कुंपण घातलं, टेम्पो वळवायला दुसरीकडे जागा केली, असं मंदाच्या कानावर आलं. ती पुन्हा तिथे गेली नाही.

ज्युलीने तिला तशीच घरी जाऊ दिली नसती, पण मंदाला थांबायचं नव्हतं. रस्त्यावर गाडी हलकी चालत होती, खड्ड्यातून गेली की नुसती उडत होती. नालासोपाऱ्याच्या गर्दीत शिरल्यावर, रिक्षांचे हॉर्न, फेरीवाले, शिव्या, यांच्यात मंदाला श्वास आला. सिग्नलला थांबून तिने कृतिकाला फोन लावला आणि गाडी विकून टाक म्हणून सांगितलं. कृतिका म्हणाली, बरं केलंस आई. फोन ठेवल्यावर मंदा स्टिअरिंगवर हात ठेवून रडली. गेल्या वर्षी ज्याला निरोप देता आला नव्हता, त्याला आपण आज जा म्हणून हाकललं की काय, हा सल तिच्या मनातून जाईना. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली तेव्हा ती पुढे निघाली.

एव्हरशाईन सिटीत पोचली तेव्हाही दुपार पुरती कलली नव्हती. सोसायटी झोपेत होती. वॉचमन खुर्चीत मान टाकून पडला होता. मंदाने गाडी तिच्या जागेवर लावली, दार बंद केलं, आणि सामान नंतर आणू म्हणून नुसती घराची किल्ली आणि पर्स घेऊन लिफ्टपाशी आली. लिफ्ट खालीच होती, रिकामी. आतल्या आरशात तिला आपला चेहरा दिसला, जांभळे हात दिसले, आणि मागे तिचीच इमारत, ओळखीच्या टपालपेट्या, ओळखीचं ऊन. तिला हायसं वाटलं. ती आत शिरली.

लिफ्टने बझर दिला. दारावरची लाल अक्षरं पेटली. ओव्हरलोड.

सहा माणसांची लिफ्ट. आत मंदा एकटी. बझर थांबेना. वॉचमनने झोपेतच कूस बदलल्यासारखी मान फिरवली.

मंदा पाठ न फिरवता, एक एक पाऊल मागे टाकत, बाहेर आली. बझर बंद झाला. दार सरकत लागलं, आणि तिने कुठलंही बटण दाबलेलं नसताना लिफ्ट वर निघाली. आकडे बदलत गेले. एक, दोन, तीन. चारवर थांबले. मंदाचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर होता. जा म्हणताना कुठे जायचं, ते तिने सांगितलं नव्हतं. वरून कुणी लिफ्ट बोलावली असेल, म्हणून जिन्याच्या पोकळीत तिने कान लावला. वर कुणाच्या दाराचा, कुणाच्या चपलांचा आवाज येतो का, कुणी शेजारी बोलतो का.

काही आलं नाही. थोड्या वेळाने लिफ्ट खाली आली. दार उघडलं. आत कुणी नव्हतं. मंदाने भिंतीला धरून एक पाय आत ठेवला, मग दुसरा.

बझर वाजला नाही.